सोसायटीची कमिटी : सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार यांच्या अंगावर कायद्याने नेमकं काय येतं?

प्रश्न : जुळेसोलापूर_४८

४८ फ्लॅट, तीन विंग, प्रत्येक विंगला एक लिफ्ट. बांधकाम १९ वर्षांपूर्वीचं. ड्रेनेज लाइन अजून जोडलेली नाही, सेप्टिक टँक आहे. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड, बाकी बोअर आणि टँकर. नवी कमिटी निवडून आली आहे आणि ११ पैकी ७ जण पहिल्यांदाच आलेत. जुन्या कमिटीकडून आतापर्यंत एक कपाट आणि चेकबुक एवढंच मिळालं.

तीन गोष्टी हव्यात. सोसायटीची म्हणून जबाबदारी कोणती, आणि पदाधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होऊ शकेल अशी कोणती? कोणत्या तारखा चुकवून चालत नाहीत? आणि पैशांखेरीज, म्हणजे लिफ्ट, टाकी, आग या बाबतीत काही झालं तर कोणाला धरतात? "सांभाळून करा, काही होत नाही" असे सल्ले भरपूर मिळालेत. कलमं आणि कागद सांगा.

---

उत्तर १ : उपविधी_आधी

सगळ्यात आधी नोंदणी प्रमाणपत्र काढून बघा. सोलापुरात निम्म्या लोकांना आपली 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट' हेच ठाऊक नसतं. बोर्डावर अपार्टमेंट लिहिलेलं असतं आणि नोंदणी सहकारी संस्थेची निघते, किंवा याच्या उलट.

उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडची नोंदणी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये त्यात '१३-ब' हे वेगळं प्रकरण आलं, कलम १५४ ब-१ पासून पुढे. बिल्डरने दुय्यम निबंधकाकडे घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) नोंदवून प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट दिलं असेल तर १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा. तिथे सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. एका कायद्याचा हिशोब दुसऱ्याला लावलेली बिलं वर्षानुवर्षं चालतात आणि वसुलीला गेल्यावर पहिल्या तारखेलाच अडकतात.

तुमच्याकडे ११ जणांची निवडून आलेली कमिटी आहे त्याअर्थी सोसायटीच असावी. तसं धरूनच पुढे बोलू. स्वतःच्या मंजूर उपविधींची (बायलॉजची) प्रत मात्र आजच मिळवा. दुकानात मिळणारं आदर्श उपविधींचं पुस्तक म्हणजे तुमचे उपविधी नव्हेत. उपनिबंधकांचा शिक्का असलेली प्रत तीच खरी.

---

उत्तर २ : दोषदुरुस्ती

पैशांचं मी लिहितो. लांबेल.

कायद्यात 'अधिकारी' या शब्दात चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटीचे सदस्य आणि प्रशासक हे सगळे बसतात. कमिटीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची, एकत्रित आणि वैयक्तिक. म्हणजे तीन लाखांचं नुकसान ठरलं तर ११ भाग पाडून प्रत्येकाने सत्तावीस हजार भरायचे असं नाही. वसुली एकाकडूनही होऊ शकते, बाकीच्यांशी त्याने नंतर भांडावं. यातून सुटायचा एकच रस्ता : निर्णय पटला नसेल तर त्याच सभेत विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात शब्दाने लिहून घ्या. पार्किंगमध्ये "मी तेव्हाच म्हणालो होतो" म्हटलेलं कोणी धरत नाही. इतिवृत्तात तुमचं नाव 'उपस्थित' म्हणून आहे आणि विरोध नाही, याचा अर्थ संमती.

वसुलीचं हत्यार म्हणजे कलम ८८. लेखापरीक्षणात किंवा चौकशीत असं दिसलं की कायद्याविरुद्ध वा उपविधीविरुद्ध पैसे खर्च झाले, निधी अडकवला, किंवा हयगयीने संस्थेचं नुकसान झालं, तर त्या व्यक्तीवर रक्कम निश्चित करून व्याजासह वसूल करता येते. चोरी सिद्ध व्हावी लागत नाही. खर्च खरा होता, काम चांगलं झालं, पण ठराव नव्हता, एवढ्यावरही माणूस अडकतो.

हे कुठे घडतं ते सांगतो.

दुरुस्तीची मर्यादा. आदर्श उपविधीत (२०१४) कमिटीने सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय करायच्या दुरुस्तीला मर्यादा आहे : २५ सभासदांपर्यंत २५ हजार, २६ ते ५० सभासदांना ५० हजार, त्यापुढे एक लाख. तुमच्याकडे ४८, म्हणजे ५० हजार (आपल्या प्रतीत आकडा बघून घ्या). टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं दोन लाखांचं काम '४९,५०० ची चार बिलं' करून काढलेलं लेखापरीक्षकाला पहिल्या नजरेत दिसतं. एकच ठेकेदार, एकच महिना, लागोपाठचे बिल नंबर. मर्यादेवरचं काम असेल तर तीन दरपत्रकं, तुलना तक्ता, सभेची मंजुरी, मग वर्कऑर्डर. पावसाळ्याच्या तोंडावर घाई असेल तर विशेष सभा पाच पूर्ण दिवसांच्या नोटिशीवर घेता येते, मग तुकडे कशाला पाडायचे?

पतसंस्थेतली ठेव. आपल्याकडचा हा मोठा रोग. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) पतसंस्थेत ठेवतात, बहुतेक वेळा कमिटीतल्याच कोणाची तरी ओळख असते. संस्थेचा निधी कुठे गुंतवायचा ते कलम ७० सांगतं, आणि पतसंस्था त्या यादीत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेला तोही नाही. पतसंस्था बुडाली तर ठेवीवर सही करणाऱ्यांवर थेट ८८. जुन्या कमिटीने ठेवली असेल तरी तुम्ही गप्प राहून नूतनीकरण केलंत की ती तुमची झाली. मुदत संपताच काढा, आणि पहिल्याच सभेत 'अशी ठेव आढळली, काढून घेण्याचे ठरले' असा ठराव लिहा.

सिंकिंग फंडाला हात. आकारणी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बांधकाम खर्च १८ लाख धरला तर सिंकिंग महिना ३७५ रुपये, दुरुस्ती निधी १,१२५. जमिनीची किंमत यात धरायची नाही. सिंकिंग फंड पुनर्बांधणी, रचनेतले बदल किंवा मोठ्या दुरुस्तीसाठीच, तेही आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर. टँकरचं बिल भागवायला 'तात्पुरते' काढलेले पैसे दोषात येतातच.

जादा वसुली. भाडेकरू ठेवल्याबद्दलचं शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही (१ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश), आणि ही टक्केवारी महापालिकेचे कर वगळून धरायची. सेवाशुल्क १,५०० असेल तर १५० रुपये, बस्स. हस्तांतरणाचं अधिमूल्य (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत कमाल २५ हजार. त्यावर 'ऐच्छिक देणगी', 'बिल्डिंग फंड', 'रंगकाम वर्गणी' अशी नावं देऊन घेतलेला पैसा परत करायची वेळ येते.

टीडीएस, म्हणजे बिल देतानाच कापायचा आयकर. नव्या कमिटीला हे बहुधा कोणी सांगतच नाही. ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांवर किंवा वर्षात एकूण एक लाखावर रक्कम गेली की कपात करायची : व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. चार लाखांचं रंगकाम फर्मला दिलं तर ८ हजार कापायचे, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे (मार्चचे ३० एप्रिलपर्यंत). टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा आयकर क्रमांक) नसेल तर आधी तो घ्या. तिमाही विवरण राहिलं तर दिवसाला २०० रुपये, कराच्या रकमेपर्यंत वाढत जातात. हा दंड सोसायटीने भरला की लेखापरीक्षक विचारतो, सभासदांच्या पैशातून का?

आता तारखा. ३१ मार्चला वर्ष संपतं. लेखापरीक्षण चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलै. वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबर, आणि तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी. 'पूर्ण' याचा अर्थ नोटीस दिलेला आणि सभेचा दिवस मोजायचा नाही. गणपूर्ती (कोरम) दोन-तृतीयांश किंवा २० सभासद, यातलं जे कमी ते. तुमच्याकडे २०. कलम ७९ चं वार्षिक विवरणही ३० सप्टेंबरच्या आत ऑनलाइन. त्यात लेखापरीक्षित हिशोब, अहवाल, उपविधी दुरुस्ती झाली असल्यास तिची माहिती, सभा आणि निवडणुकीच्या तारखा येतात. सभेत शासनाच्या पॅनलवरचा लेखापरीक्षक नेमायचा आणि त्याचं नाव व संमती एक महिन्यात कळवायची. लेखापरीक्षण अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत 'ओ' नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल (कलम ८२).

सभा न घेतल्यास कलम ७५ खाली संबंधितांना पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. गणपती, मग नवरात्र, सप्टेंबर कसा जातो कळत नाही. जुलै संपायच्या आत हॉल किंवा गच्ची ठरवून टाका.

---

उत्तर ३ : तिसरा_जिना

पैशांचं वर आलं. माणूस मेला तर काय, ते मी सांगतो. ती चूक कुठल्याच ठरावाने भरून निघत नाही.

सेप्टिक टँक आधी. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक किंवा गटार साफ करायला माणसाला संरक्षक साधनांशिवाय आत उतरवायला मनाई आहे. 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत, त्यामुळे "ठेकेदाराने उतरवला, आम्हाला माहीत नाही" हे चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली.

करायचं ते असं : फक्त सक्शन गाडी, पाइप वरून. झाकण उघडून तास-दोन तास मोकळं ठेवा, जवळ विडी-काडी नको, आत मिथेन असतो. तळाला गाळ घट्ट बसला असेल तर पाण्याचा जेट मारून ढवळा आणि पुन्हा ओढा. 'शेवटचा एक फूट हाताने काढतो, पाचशे जास्त द्या' असं गाडीवाला म्हणाला तर काम थांबवा. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटून माणूस उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्कऑर्डरवर 'कोणत्याही परिस्थितीत मनुष्य आत उतरणार नाही, काम पूर्णपणे यंत्राने' ही ओळ हवी आणि गाडी लागते तेव्हा कमिटीतला एक जण समोर हवा. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीलाही हाच नियम लावा. बंद राहिलेल्या टाकीत ऑक्सिजन कमी झालेला असतो.

लिफ्ट. एएमसी (वार्षिक देखभाल करार) म्हणजे परवाना नव्हे. २०१७ च्या महाराष्ट्र लिफ्ट कायद्याखाली परवाना, निरीक्षण आणि त्रयस्थ विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन लिफ्ट म्हणजे तीन परवाने, प्रत लिफ्टमध्ये लावा. एएमसीवाल्याची सर्व्हिस शीट सही करण्याआधी वाचा. त्यात 'डोअर लॉक बदलणे आवश्यक' असं लिहिलेलं असतं, वॉचमन सही करतो आणि शीट फाइलला जाते. पुढे अपघात झाला तर तो कागद तुमच्याविरुद्धचा पहिला पुरावा. दोष लेखी कळवलेला असताना लिफ्ट चालू ठेवली, याचा बचाव नसतो. दुरुस्ती होईपर्यंत स्विच बंद करून पाटी लावा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या शिव्या खायच्या.

आग. इमारतीला अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा 'बी' फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै. जानेवारीचा सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या गर्दीत राहून जातो, डिसेंबरातच एजन्सीला सांगून ठेवा. पाणी रोज येत नाही म्हणून आगीसाठी राखीव टाकीतलं पाणी वापरायला काढतात आणि पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून टाकतात. तपासणीत नेमकं हेच सापडतं.

इमारतीची रचना. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा. तुमची १९, म्हणजे एक तरी झालेलं असायला हवं. ३० वर्षं झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे स्थैर्य प्रमाणपत्र वेगळं. ऑडिट अहवालात 'तातडीने' म्हटलेल्या बाबी सभेपुढे ठेवल्याचा ठराव हवा. सभेने पैसे नाकारले तर तेही लिहा. मग जबाबदारी कमिटीवरून सरकते.

---

जुळेसोलापूर_४८

उत्तम. आणखी चार. (१) तळमजल्याचे सहा जण लिफ्टचा खर्च देत नाहीत. (२) एकाची थकबाकी ८६ हजार, काही सभासद पाणी तोडा म्हणतात. (३) जुनी कमिटी दप्तर देत नाही. (४) हे सगळं नको, प्रशासक आणा असा एक गट आहे.

---

उत्तर २ : दोषदुरुस्ती

(१) लिफ्टचा खर्च ज्या विंगमध्ये लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांना सारखा, वापरा वा न वापरा. तळमजल्यालाही. पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर. टँकरचा खर्च सरसकट सारखा लावला असेल तर तो आधी दुरुस्त करा, नाहीतर तळमजलावाले तेच दाखवून तुमचं बिल चुकीचं ठरवतील. टँकरच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, गाडी नंबर, लिटर आणि उतरवून घेणाऱ्याची सही हवी. नुसतं 'टँकर ८ नग' असं व्हाउचर लेखापरीक्षक बाजूला काढतो.

(२) पाणी तोडू नका. थकबाकी वसुलीचा तो मार्गच नव्हे, आणि तक्रार झाली तर थकबाकीदार बाजूला राहून तुम्हीच उत्तर देत बसाल. मार्ग कलम १५४ ब-२९ चा, पूर्वी जो १०१ म्हणून ओळखला जायचा. क्रम असा : दर महिन्याची बिलं, नोंदणीसह स्पीड पोस्टाने मागणी नोटिसा पोचपावतीसह, कमिटीचा वसुलीचा ठराव, सभासदाचा खातेउतारा (मुद्दल आणि व्याज वेगळं), व्याजाचा दर ठरवणारा उपविधी किंवा सभेचा ठराव, सभासदत्वाचा पुरावा, फीचं चलन. अर्ज उपनिबंधकांकडे. सुनावणी होऊन वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकाऱ्यामार्फत कलम १५६ खाली जप्तीपर्यंत जाता येतं. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर थकबाकीदाराला आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते, त्यामुळे बरेच जण तिथेच तडजोडीला येतात.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा व्याजामुळे. व्याज सरळ हवं, चक्रवाढ नको. जुन्या आदर्श उपविधीत कमाल २१ टक्के आहे, तुमच्या नोंदलेल्या उपविधीत आणि सध्याच्या नियमांत जो दर असेल तोच लावा. बिल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची बाकी व्याजासकट पुढे ओढली जाते आणि व्याजावर व्याज चढतं. ८६ हजारांचा उतारा हाताने एकदा मांडून बघा, बहुतेक आकडा खाली येईल. आणि मागच्या बिलात 'दंड ५००' अशी बिनठरावाची ओळ असेल तर ती काढूनच अर्ज करा.

(३) लेखी मागा, यादी करून : इतिवृत्ताची दोन्ही पुस्तकं (कमिटीचं आणि सर्वसाधारण सभेचं), 'आय' (सभासद नोंदवही) आणि 'जे' (सभासदांची यादी) नमुन्याची रजिस्टरं, भाग रजिस्टर, नामनिर्देशन रजिस्टर, किर्द, खतावणी, व्हाउचर फाइल, बँकेची आणि ठेवींची कागदपत्रं, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, विमा. मुदत द्या. न दिल्यास उपनिबंधकांकडे कलम ८० खाली दप्तर ताब्यात घेण्यासाठी अर्ज. जे मिळेल त्याची पोच 'पाने १ ते १४२, पान ६७ फाटलेले' इतक्या बारकाईने द्या. "सर्व दप्तर मिळाले" असं लिहून दिलंत की हरवलेला कागद तुमच्याकडून हरवला.

बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव त्याच आठवड्यात. निवडणूक निकालाची प्रत बँक मागते.

---

उत्तर १ : उपविधी_आधी

(४) चं मी सांगतो. प्रशासक किंवा प्राधिकृत अधिकारी दोन वाटांनी येतो : निवडणूकच झाली नाही, कमिटी अस्तित्वात नाही म्हणून कलम ७७ अ खाली, किंवा कमिटीने कर्तव्यात कसूर केली म्हणून ७८ अ खाली बरखास्ती करून. दुसऱ्या वाटेत आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तुमची कमिटी रीतसर निवडून आलेली आहे. 'आम्हाला नको' एवढ्यावर कोणी प्रशासक नेमत नाही.

आणि आला तरी तो सोसायटी चालवायला आलेला नसतो. रोजचा कारभार बघायचा आणि निवडणूक घ्यायची, मुदत साधारण सहा महिने. त्याचं मानधन सोसायटीच्या निधीतून जातं. लिफ्ट बदलणं, सिंकिंग फंड काढणं असले मोठे निर्णय तो बहुधा पुढच्या कमिटीवर सोडतो. वर दोषदुरुस्ती यांनी लिहिलंच आहे, प्रशासकही 'अधिकारी' आहे, तोही ८८ ला घाबरतो. त्यामुळे वॉटरप्रूफिंगच्या फाइलवर सही होत नाही आणि एक पावसाळा तसाच जातो.

ज्यांना खरंच नको त्यांनी राजीनामा लेखी द्यावा आणि मंजुरीचा ठराव होईपर्यंत सभांना यावं. न येता घरी बसून राहिलं तर त्या काळातल्या निर्णयांची जबाबदारी सुटत नाही. रिकाम्या जागा कमिटी स्वीकृत सदस्याने भरू शकते. मात्र उरलेल्यांची संख्या गणपूर्तीच्या खाली गेली तर तेवढाही ठराव करता येत नाही, आणि मग खरोखरच ७७ अ ची वेळ येते. ११ मध्ये गणपूर्ती ६. तुमच्यातले सहा जण टिकणार आहेत का, ते आधी मोजा.

---

जुळेसोलापूर_४८

आठ टिकतील. पतसंस्थेत दोन ठेवी निघाल्या, एकीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे.

---

उत्तर २ : दोषदुरुस्ती

मग मुदत संपण्याआधी पत्र द्या, आपोआप नूतनीकरणाची सूचना रद्द करा आणि पत्रावर आवक शिक्का घ्या. दुसरीसाठी मुदतपूर्व काढल्यास व्याज किती कापतात ते लेखी मागवा. तो आकडा सभेपुढे ठेवून काढायचा ठराव करा. सही करताना खात्याचं नाव सोसायटीचंच आहे ना, तेही बघा. एखादी ठेव जुन्या खजिनदाराच्या नावावर सापडते.